एक दाढ गेली, प्रश्न शेजारच्या दोघींचा

खालची डावी पहिली मोठी दाढ चार वर्षांपूर्वी काढलेली, जागा तशीच रिकामी. वय ५८. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहणाऱ्या गृहिणी. दहाएक वर्षांपासून मधुमेह, मशेरी त्याच्याही कितीतरी आधीपासून. सोबत सून, आणि सुनेच्या मोबाइलवर आखातात नोकरीला असलेला मुलगा. मुलाचं म्हणणं एवढंच: ‘डॉक्टर, पैशांचं बघू नका, आईला इम्प्लांटच बसवा.’ काकींचं म्हणणं त्याहून थोडक्यात: ‘म्हाका घट बसपी दांत जाय. काडपा-घालपाचो नाका.’

काकींच्या आणि घरच्यांच्या परवानगीने हे प्रकरण मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, तोंडातली मापं मात्र आहेत तशीच आहेत. मांडण्याचं कारण असं की, पैसे तयार असताना आणि रुग्णाला घट्ट दातच हवा असताना यात शेवटी इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून उभारलेला दात) बसवला नाही, ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवलेला दात) केला. इम्प्लांटबद्दल माझ्या मनात काडीचाही किंतु नाही. पण ‘सगळ्यात महाग तेच सगळ्यात चांगलं’ असं दातांच्या बाबतीत घरोघरी धरलं जाऊ लागलंय, आणि त्यात शेजारच्या दातांचं काय हे कोणी विचारतच नाही, याची मला मनापासून काळजी वाटते.

तोंडात काय दिसलं

पहिली मोठी दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. तिच्या जागी आधी कुठला दुधाचा दात नसतो, त्यामुळे काही न पडता ती मागच्या बाजूला उगवते आणि पुष्कळ आया तिला दुधाचीच समजतात. ती किडली तर ‘पडेलच की’ म्हणून सोडून देतात. पक्क्या दातांत लवकर किडणारी आणि लवकर काढावी लागणारी बहुतेक वेळा हीच. काकींच्या दाढेचंही तेच झालं: आधी फिलिंग, मग अधूनमधून सूज, मग रात्रभर ठणका, आणि काढून टाकणं. ठणका गेला, तसा दातांचा विषयही घरातून गेला.

तोंडातला विषय मात्र चालूच होता. दाढ काढल्यावर तिला धरून असलेलं हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होऊ शकते, आणि त्यातलाही मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांतच जातो. मागची दाढ रिकाम्या जागेत कलते. वरची दाढ, खाली टेकायला काही न मिळाल्याने, हळूहळू उतरते. काकींच्या तोंडात हे तिन्ही घडलेलं होतं. वरची पहिली दाढ दीड मिलिमीटर खाली आलेली. खालची दुसरी मोठी दाढ पुढे कललेली, जेमतेम पंधरा अंश. शेजारच्या दोघींमधली जागा वरच्या बाजूला साडेआठ मिलिमीटर उरलेली, म्हणजे मूळ दाढेच्या रुंदीपेक्षा दोन-अडीच मिलिमीटर कमी.

आता त्या दोन शेजारणींची हकीकत. माझ्या मते हे प्रकरण त्यांच्यावरच फिरलं.

मागच्या दाढेत जुनं, काळं पडलेलं चांदीचं फिलिंग होतं, जवळजवळ अर्धी दाढ व्यापणारं. जिभेच्या बाजूचा एक सुळका तुटून गेलेला, आणि फिलिंगच्या कडेने कीड आत शिरलेली. दाढ जिवंत होती, थंड पाण्याला व्यवस्थित उत्तर देत होती. पुढच्या उपदाढेचं काही वर्षांपूर्वी रूट कॅनल झालेलं, पण तिच्यावर कॅप कधी बसलीच नव्हती. ‘दुखायचं थांबलं, मग गेलो नाही,’ काकी म्हणाल्या. हे आमच्याकडे रोजचं आहे. रूट कॅनल झालेला मागचा दात कॅपशिवाय राहिला तर तो गमवावा लागण्याचा धोका कॅप असलेल्या दातापेक्षा कितीतरी पटींनी वाढतो; एका जुन्या अमेरिकन पाहणीत तो सहापट आढळला होता. काकींची उपदाढ इतकी वर्षं उभी राहिली ती बहुधा त्या बाजूने त्या चावतच नव्हत्या म्हणून.

म्हणजे मधल्या जागेत काहीही बसवलं किंवा काहीच बसवलं नाही, तरी शेजारच्या दोघींना कॅप लागणारच होती. हे मुलाला सांगितलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, ‘म्हणजे एकाचे तीन झाले?’ तसंच होतं.

आधी साखर, आधी मशेरी

पहिल्या भेटीत मी कुठलाच पर्याय नक्की केला नाही. एचबीए१सी ८.९ होता. ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, त्यामुळे आदल्या दिवशी गोड टाळून ती सुधारता येत नाही. हिरड्यांमध्ये पाच मिलिमीटरपर्यंत खोल कप्पे, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला दगडासारखं किटण. आणि खालच्या ओठाच्या आत, जिथे मशेरी रेंगाळते, तिथे सुरकुतलेला पांढरट पट्टा.

मधुमेह आपल्याकडे घराघरात आहे म्हणून आपण तो गृहीत धरतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीत गोवा सगळ्यात वर होता: प्रौढांमध्ये २६.४ टक्के, देशाचं प्रमाण ११.४ टक्के असताना. गोव्यातल्या दंतवैद्याने खुर्चीत बसलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक माणसाला साखर विचारलीच पाहिजे, आणि तोंडी उत्तरावर न थांबता कागद बघितला पाहिजे. ‘साखर कंट्रोलमध्ये आहे’ याचा अर्थ पुष्कळदा ‘गोळी चालू आहे’ एवढाच असतो.

अनियंत्रित साखरेत जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग पटकन होतो, आणि हिरड्यांचा आजार बळावतो. उलट बाजूनेही हे खरं आहे: हिरड्या नीट खोलवर साफ केल्या तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ च्या आसपास उतरतो. औषधाची जागा ही सफाई घेत नाही, पण हातभार चांगला लावते. त्यामुळे सफाई चार टप्प्यांत केली, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, त्यांनी औषधं बदलली.

मशेरी अवघड होती. ती चोळल्याशिवाय काकींना सकाळी तोंड धुतल्यासारखं वाटत नसे, पोट साफ होत नसे. मी त्यांना आरसा धरून ओठाच्या आतला पट्टा दाखवला आणि सांगितलं, की मशेरी बंद केल्यावर हा काही आठवड्यांत गेला तर बरंच, नाही गेला तर त्याचा तुकडा तपासायला पाठवावा लागेल. उगाच घाबरवण्यासाठी हे सांगितलं नव्हतं. तसंच करायचं असतं. सुनेने डबीच उचलून ठेवली. पट्टा दीड महिन्यात निवळला.

एक गोष्ट विचारायची राहू नये म्हणून मी ती दोनदा विचारतो: हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची, महिन्याची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून घ्यायचं औषध चालू आहे का? या वयाच्या बायकांमध्ये ते पुष्कळदा असतं आणि ‘रोजची औषधं’ म्हटल्यावर त्यांना आठवत नाही. या औषधांवर असलेल्यांच्या जबड्यात शस्त्रक्रियेनंतर क्वचित हाड भरत नाही, उघडं राहतं. हाडं ठिसूळ झाल्याबद्दलच्या नेहमीच्या मात्रेत हा धोका अगदी थोडा, पण निर्णयाआधी माहीत हवाच. काकींची फाइल तपासली. नव्हतं.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.४ आला. कप्पे बहुतेक ठिकाणी तीन-चार मिलिमीटरवर. आता बोलायला बसता येणार होतं.

वाटा

जागा रिकामी ठेवणं हा पर्याय मी मुद्दाम सांगतो. एक दाढ नसली म्हणून माणसाचं अन्न पचायचं थांबत नाही, आणि वीसेक स्वतःचे दात नीट असतील तर बहुतेकांचं रोजचं खाणं चालतं. मागे-पुढे, वर-खाली काही हललेलं नसेल, अन्न अडकत नसेल, माणूस समाधानी असेल, तर मी ‘राहू दे’ म्हणतो आणि वर्षातून एकदा बघतो. काकींच्या तोंडात मात्र सगळं हललेलं होतं, आणि चार वर्षं उजव्या बाजूनेच भाकरी, फणसाच्या आठळ्या, भाजलेले काजू फोडून त्या बाजूच्या वरच्या दाढेला बारीक तडा गेलेला. डाव्या बाजूला काम द्यायलाच हवं होतं.

काढता-घालता दात म्हणजे टाळू-हिरडीवर बसणारी छोटी प्लेट. स्वस्त, शेजारच्या दातांना फारसा हात न लावता होणारी. प्लॅस्टिकची साधी प्लेट काही महिन्यांच्या सोयीला ठीक, वर्षानुवर्षं वापरली तर हिरडीवर दाबत राहते. धातूची सांगाड्याची प्लेट खूपच बरी. काकींना मात्र ती नकोच होती, आणि त्यांचं कारण मला पटलं: त्यांच्या सासूबाईंची प्लेट दर कार्याच्या घरी कुठेतरी राहून जायची, आणि वापरली न गेल्याने शेवटी बसेनाशी झाली होती. डब्यात पडून राहणारा दात काही कामाचा नाही.

उरले दोन.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर कॅप. टायटॅनियमला हाड चिकटून धरतं हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रेनेमार्क यांच्या ध्यानात आलं, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे इम्प्लांट बसवले. शेजारच्या दातांना न घासता दात उभा राहतो, हा त्याचा खरा मोठेपणा. तिशीतला मुलगा, अपघातात दाढ गेलेली, दोन्ही शेजारचे दात धडधाकट, असं असेल तर मी क्षणभरही दुसरं काही सुचवणार नाही. निरोगी दाताला कॅपसाठी घासताना त्याचा दिसणारा भाग दोन-तृतीयांशाच्या आसपास जातो. धड दात असा घासणं मला अजूनही जिवावर येतं.

काकींच्या बाबतीत सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, काढला. खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेच्या वर १४ मिलिमीटर हाड होतं, उंचीची चिंता नव्हती. नसेपासून दोन मिलिमीटर अंतर राखून दहा मिलिमीटरचा इम्प्लांट आरामात बसला असता. रुंदी मात्र ४.२ मिलिमीटर. दाढेच्या जागी चार-साडेचार मिलिमीटर जाडीचा इम्प्लांट हवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना किमान मिलिमीटर-दीड मिलिमीटर हाड हवं. म्हणजे आधी हाडाची भर घालायची, चार-सहा महिने थांबायचं, मग इम्प्लांट, मग आणखी तीनेक महिने, मग कॅप. होण्यासारखं होतं. साखर ७.४ वर राहिली असती तर मधुमेह आडवा आला नसता. पण भर घातलेलं हाड, नुकत्याच सावरलेल्या हिरड्या, आणि कधीही परत हातात येऊ शकणारी मशेरीची डबी, हे तिन्ही एकत्र धरले की गणित बदलतं. हिरड्यांचा आजार होऊन गेलेल्या माणसात इम्प्लांटभोवतीचं हाड झिजण्याचा धोका जास्त असतो, आणि हे झिजणं बहुतेकदा दुखत नाही, त्यामुळे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन्ही दातांवर कॅप आणि मध्ये त्यांना जोडलेला दात. इथे शेजारणींना कॅप लागणारच होती, त्यामुळे घासण्याचं नुकसान या खात्यात धरताच येत नव्हतं. भार पेलेल का, हा रास्त प्रश्न. आमच्या शास्त्रात १९२६ पासूनचा एक ठोकताळा आहे, आन्टे यांचा: आधार देणाऱ्या दातांच्या मुळांचं हाडातलं क्षेत्रफळ गेलेल्या दाताच्या मुळांपेक्षा कमी नसावं. सरासरी मापांनी खालच्या दुसऱ्या उपदाढेचं २०७ आणि दुसऱ्या मोठ्या दाढेचं ४२६ चौरस मिलिमीटर, मिळून ६३३. पहिल्या मोठ्या दाढेचं ४३१. काकींच्या दातांभोवतीचं थोडं हाड गेलेलं असलं तरी पुरेसं उरत होतं.

मुलाने व्हिडिओ कॉलवर नेमका प्रश्न विचारला, ‘जास्त टिकतं काय?’ आकडे त्याला सांगितले. वेगवेगळ्या अभ्यासांची बेरीज करून काढलेले अंदाज असे आहेत: दहा वर्षांनंतर शंभरातले सुमारे ९५ एकेरी इम्प्लांट हाडात टिकून असतात, पण त्यांच्यावरच्या मूळ कॅप सुमारे ८९. दोन्ही बाजूंना आधार असलेले साधे ब्रिज दहा वर्षांनी सुमारे ८९. म्हणजे लोक समजतात तेवढी दरी इथे नाही.

मग मी त्याला माझा प्रश्न सांगितला, जो मी प्रत्येकाला विचारायला लावतो: हे मोडेल तेव्हा सोबत काय घेऊन जाईल? इम्प्लांट फसला तर त्याच्याभोवतीचं हाड जातं, शेजारचे दात वाचतात. ब्रिज फसतो तो बहुतेकदा आधाराच्या दाताखाली कीड शिरून किंवा तो दात तुटून, म्हणजे एका गेलेल्या दाताच्या मागे दुसरा जातो. धडधाकट शेजारी असतील तर हा सौदा वाईट. काकींच्या इथे सगळ्यात कच्चा दात होता रूट कॅनल झालेली उपदाढ. ती उद्या एकटी उभी राहिली असती तरी कच्चीच राहिली असती. प्रश्न एवढाच होता की तिच्यावर ब्रिजचा जादा भार टाकण्याइतका दम तिच्यात आहे का. आणि हे एक्स-रेवरून ठरत नाही.

खर्चाचं लगेच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी कागदावर तो लिहून दिला होता. हाडाची भर, इम्प्लांट, त्याची कॅप आणि शेजारच्या दोन कॅप मिळून आमच्याकडचा अंदाज ७१ हजार. ब्रिज आणि दोन्ही दातांची बांधणी मिळून २२ हजार. ज्यांना हेही जड जातं त्यांना मी बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात पाठवतो. १९८० पासूनची ही संस्था आहे, शिकणारे डॉक्टर अध्यापकांच्या नजरेखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पण काम पायरीपायरीने तपासलं जातं. काकींच्या घरी पैशाचा प्रश्न नव्हता, आणि ४९ हजार वाचतात म्हणून मी ब्रिज सुचवलाही नाही. कागदावर दोन्ही रकमा लिहिल्या त्या त्यांना माहीत असाव्यात म्हणून.

जुनं फिलिंग काढल्यावर

ठरलं असं: उपदाढेतलं जुनं फिलिंग पूर्ण काढायचं, आत किती दात उरलाय ते बघायचं, आणि मगच हो किंवा नाही म्हणायचं. कॅपने धरायला हिरडीच्या वर चहूबाजूंनी निदान दीड-दोन मिलिमीटर उंचीची खऱ्या दाताची भिंत लागते. पिंपाला कडी घट्ट बसावी तशी कॅप या भिंतीला कवटाळते, आणि दात उभा चिरत नाही. भिंत नसेल तर आत कितीही चांगला खांब घाला, तो दात ब्रिजला लावणं म्हणजे जाणूनबुजून अपयश विकणं.

त्या दिवशी फिलिंग निघालं, खालची मऊ तपकिरी कीड चमच्याने खरवडून काढली, आणि मोजलं. गालाच्या बाजूची भिंत तीन मिलिमीटर, जिभेच्या बाजूची अडीच, दोन्ही चांगल्या जाड. मागच्या बाजूला जेमतेम दोन. रूट कॅनलची भरणी घट्ट, मुळाच्या टोकाला एक्स-रेत काही नाही. उभा तडा शोधण्यासाठी निळा रंग लावून भिंगाखाली बघितलं, नव्हता. सून खुर्चीशेजारी उभी होती, तिलाही दाखवलं. भिंत दीडच्या खाली असती तर बेत बदलला असता: उपदाढ काढून, किंवा फक्त तिच्यापुरती कॅप करून, मधल्या जागेसाठी हाडाची भर आणि इम्प्लांट. हे आधीच बोलून ठेवलं होतं, त्यामुळे खुर्चीत बसून कुणाला घाईने काही ठरवावं लागलं नाही.

मागच्या दाढेतली कीड दाढेच्या आतल्या नसेच्या जवळ गेली होती, पण नस उघडी पडली नाही. तरी हे काकींना आणि मुलाला स्पष्ट सांगितलं, की या दाढेला पुढेमागे रूट कॅनल लागू शकतं, कॅपला वरून भोक पाडून करता येतं. अशी शक्यता आधी सांगितली तर ती माहिती असते; नंतर सांगितली तर सबब वाटते.

काम

वरची उतरलेली दाढ मिलिमीटरभर घासून गुळगुळीत केली; तेवढं कवचातच भागतं, दात शिवशिवत नाही. शिवाय फ्लोराइडचा लेप दिला. हे केलं नाही तर नवा ब्रिज पहिल्याच दिवसापासून आपटत राहतो.

आधी प्लॅस्टिकचा तात्पुरता ब्रिज दिला आणि तो दीड महिना वापरायला लावला. पुष्कळ ठिकाणी हा टप्पा आठवड्यात गुंडाळतात. मला त्यात बघायचं होतं ते दातापेक्षा काकींना: त्या खालून सफाई करतात का. ब्रिजच्या मधल्या दाताखालून नेहमीचा धागा जात नाही, दोन्ही बाजू जोडलेल्या असतात. त्याला टोकाशी कडक केलेला सुपरफ्लॉस लागतो. कडक टोक ब्रिजखालून आरपार ओढायचं, मग मधला फुगीर भाग मागे-पुढे फिरवायचा. पहिल्यांदा त्यांच्या हातातून धागा तीनदा निसटला. चौथ्यांदा त्यांनी चष्मा वर केला, आरशाकडे बघणंच सोडलं आणि बोटांच्या अंदाजाने तो सरळ पार केला. ‘अबोलेच्या वळेसराक सुतूर घालतां न्ही, तशेंच हें,’ म्हणाल्या. वर्षानुवर्षं फुलं ओवलेली बोटं. दीड महिन्यांनी बघितलं तर तात्पुरत्या ब्रिजखालची हिरडी फिकट गुलाबी, रक्त नाही. पक्क्या ब्रिजला परवानगी तिथे मिळाली.

मुलाला झिर्कोनियाचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या कणखर सिरॅमिकचा ब्रिज हवा होता. पण मागची दाढ आखूड होती. झिर्कोनियाच्या ब्रिजमध्ये दोन कॅपना जोडणारा सांधा जाड लागतो, निदान नऊ चौरस मिलिमीटर. तेवढी उंची तिथे मिळत नव्हती, आणि जबरदस्तीने मिळवायची तर सफाईची फट बुजली असती. धातूचा सांधा त्याहून बारीक चालतो. म्हणून धातूवर सिरॅमिक, मागच्या दाढेचा चावायचा भाग नुसत्या धातूचा. गालाआड असल्याने तो दिसत नाही, आणि त्यासाठी दात कमी घासावा लागतो.

धातू निवडताना काकींना विचारलं, नकली कानातलं घातल्यावर कानाच्या पाळ्या चिघळतात का. ‘हो, म्हणून तर सोन्याचीच घालते.’ ते निकेलमुळे असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे लॅबला निकेल नसलेली कोबाल्ट-क्रोमची मिश्रधातू लिहून दिली. मधल्या दाताचा तळ पसरट न ठेवता निमुळता करायला सांगितला, हिरडीला एका ठिपक्यापुरताच टेकणारा. चवथीच्या आधी ब्रिज बसला. नेवऱ्या दोन्ही बाजूंनी खाल्ल्याचा निरोप सुनेकडून आला.

त्यानंतर

पहिल्या महिन्यात मागच्या दाढेला गार पाण्याची कळ येत होती. चावा तपासला, एका ठिकाणी किंचित जास्त टेकत होतं. कमी केलं, दोनेक आठवड्यांत कळ गेली. पावसाळ्यात घरात एक मृत्यू झाला आणि त्या दिवसांत मशेरी परत सुरू झाली. दातांच्या मुळाशी आलेल्या काळसर रेषांवरून मला ते दिसलं. रागावलो नाही. सुनेशी बोललो, काकींशी बोललो, पुन्हा बंद झाली. माझ्या अनुभवात तंबाखू एकदाच सुटत नाही, आणि त्याचा हिशेब उपचार निवडतानाच धरलेला बरा.

वर्षाच्या तपासणीत एचबीए१सी ७.१. ब्रिजभोवतीचे कप्पे तीन मिलिमीटर, फक्त मागच्या दाढेच्या पाठीमागे चार. तिथे बारीक ब्रश तिरका कसा घालायचा ते पुन्हा दाखवलं. उपदाढेचा एक्स-रे स्वच्छ, कॅपच्या कडेला कीड नाही. उजवीकडच्या तडा गेलेल्या वरच्या दाढेवर याच काळात कॅप केली. त्या बाजूचा भार कमी झाल्यावर तिचं दुखणं आधीच निम्मं झालं होतं.

मुलगा सुट्टीवर आला तेव्हा स्वतः भेटायला आला. त्याला उपदाढेची भीती अजून वाटत होती, आणि ती अनाठायी नाही. तिच्यासाठी फाइलमध्ये पुढचा बेत लिहिलेला आहे: ती तुटली तर ब्रिज मागच्या कॅपपाशी कापायचा, मागची कॅप जागेवर ठेवायची, उपदाढेचं मूळ हळुवार काढायचं आणि त्याच वेळी त्या खड्ड्यात हाडाची भर घालायची, म्हणजे रुंदी जाणार नाही. मग तिच्या जागी इम्प्लांट. सीबीसीटीची मापं त्याच फाइलला लावली आहेत. त्याने त्या पानाचा फोटो काढून घेतला, आणि आईची पुढची तपासणी सहा महिन्यांनंतरची ठरवून गेला.